आवळा, सोडा

लघवी हा शब्द मी नोकरीत इतक्यांदा उच्चारला आहे की घरी जेवतानाही तो तोंडातून निसटायचा. मग आमचे हे ताट उचलून बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे. सोलापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात, मूत्ररोगाच्या वॉर्डात मी सिस्टर म्हणून केस पांढरे केले. इतर वॉर्डांत सकाळी पेशंटला विचारतात, झोप लागली का. आमच्याकडे विचारायचं, झाली का, किती झाली, कसल्या रंगाची झाली. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा चकली-अनारशांच्या जाहिरातींशेजारी हा विषय चालेल का, असं मी आधीच विचारून घेतलं. ते म्हणाले, चालेल की. त्यामुळे पुढचं वाचून कुणाला कसंसं झालं तर त्यांना फोन करावा, मला नको.

सांगायचं आहे ते प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचं. प्रोस्टेट ही पुरुषांच्या पोटातली लहानशी ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीची वाट जिथे सुरू होते तिथेच ती बसलेली असते. कॅन्सर वेळेत सापडला तर डॉक्टर ती सबंध काढतात आणि तुटलेली वाट पुन्हा मूत्राशयाला शिवतात. जोड भरून येईपर्यंत नळी घातलेली असते. पेशंटला वाटतं, नळी निघाली की सुटलो. खरा त्रास तिथून सुरू होतो. लघवी थोपवायला देवानं दोन झाकणं दिलेली असतात, त्यातलं वरचं ग्रंथीबरोबर जातं. उरलेल्या खालच्या झाकणाला एकट्यानं भार पेलायची सवय नसते. माणूस खुर्चीतून उठला, खोकला, हसला, की थेंब थेंब गळतं. कुणाचं थोड्या महिन्यांत थांबतं, कुणाचं वर्ष खातं, काहींचं व्यायामानं पूर्ण थांबत नाही आणि त्यांना पुढचे उपाय करावे लागतात. पण बहुतेकांना व्यायामाचा उपयोग होतो. लघवी अडवताना आपण जे आत ओढून धरतो तेच ओढायचं, थोडा वेळ धरायचं, मग ढिलं करायचं. खालचं झाकण म्हणजे स्नायूच की, त्याला तालीम लागते.

ही तालीम शिकवायचं काम माझ्याकडे होतं. मी बाईमाणूस, आणि समोर साठी ओलांडलेला मिशीवाला पुरुष. मी बोलायला लागले की त्याची नजर वर पंख्याला चिकटायची. कळलं का? व्हय. परत सांगू? नको. कधी एकदा खोलीबाहेर पडतो असं त्याला झालेलं असायचं. कॅन्सर झाला हे ही माणसं गावभर सांगतात, त्यात कुणाला लाज नाही. धोतर ओलं होतं हे मात्र बायकोपासूनही लपवतात. बायको कपडे धुते, तिला ते पहिल्याच दिवशी कळलेलं असतं, आणि तीही आपल्याला कळलं नाही असं दाखवत राहते.

लपवायच्या तऱ्हा तरी किती. एक गुरुजी होते, त्यांनी धोतर सोडून काळ्या पँटी शिवून घेतल्या आणि गावाला सांगितलं की शनीची पीडा आहे. शहराच्या पूर्व भागातले एक तेलुगू आजोबा टॉवेलच्या कारखान्यात राबलेले. बाजारातली पॅडं त्यांना पसंतच पडेनात, म्हणून घरचे जुने टॉवेल कापून त्यांनी आपली आपण शिवली आणि मला दाखवायला आणली. शिलाई इतकी सुबक होती की मी सगळ्या सिस्टरांना बोलावून दाखवली, तेव्हा आजोबा लाजून पळाले. एका शहाण्यानं पाणीच पिणं सोडलं. सोलापूरचा मे महिना आणि हा दिवसाकाठी दोन भांडी पाण्यावर. जंतुसंसर्ग होऊन हुडहुडी भरलेल्या अवस्थेत त्याला उचलून आणला. मी त्याला इतकं बोलले की डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, सिस्टर, तो पेशंट आहे, अशी आठवण करून दिली. माझा स्वभावच तसा आहे. लाजेनं माणूस आजारी पडलेला मला बघवत नाही.

पण ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला बसले, त्यांना मी कधी रागावू शकले नाही. त्यांचं नाव सोपानअण्णा म्हणू, आणि गाव टेंभुर्णी म्हणू. हायवेला लागून त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. आमच्या वॉर्डात आल्यावरही त्यांच्या नखांतलं ग्रीस गेलेलं नव्हतं. दिवाळी झाल्यावर त्यांचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, गाठ आत होती तेवढी सगळी निघाली. नळी काढली त्या दिवशी पलंगावरून उठून उभे राहिले आणि पायाखालची फरशी ओली झाली. त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"सिस्टरबाई, उभा जल्म ट्रॅक्टरची ऑइल सील बदलत आलो. आता माजंच सील गेलं. ह्येचा पार्ट कुटं मिळतोय बगा."

मी हसले. म्हटलं, पार्ट मिळत नाही, आहे तोच घट्ट करायचा. मग त्यांना आतल्या खोलीत नेऊन सगळं समजावलं. कुठली जागा, काय ओढायचं, श्वास धरायचा नाही, पोट ताणायचं नाही. अण्णांची नजर ठरल्याप्रमाणे पंख्यावर. शेवटी मी माझं नेहमीचं पालुपद म्हटलं, जे मी शेकडो पेशंटांना सांगितलं होतं, "दिवसातून तीन वेळा, जेवणाच्या आधी केलं की विसरायला होत नाही. आवळा, सोडा. आवळा, सोडा. लक्षात राहील ना?"

"व्हय की."

"घरी आठवण करायला कुणी आहे?"

"पोरगी हाय की. ती करंल समदं."

ती पोरगी, रोहिणी, बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसली होती. वडिलांना धरून रिक्षात बसवताना तिनं मला विचारलं, "सिस्टर, पथ्य काही?" मी म्हटलं, "पथ्य नाही. अण्णांना सांगितलंय ते तीन वेळा तेवढं चुकवू नका." ती म्हणाली, "नाही चुकवणार." आणि तिनं खरंच कधी चुकवलं नाही.

तपासणीला अण्णा यायचे ते एकटे. गळणं तसंच होतं, उलट वाढलं होतं. घाई व्हायची, बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत दम निघायचा नाही. मी दर खेपेला विचारायची, "अण्णा, आवळा-सोडा चालू आहे ना?"

"हाय की. न चुकता."

"नियमानं?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ. पोरगी हातचं काम टाकून उटती."

मला वाटलं, काय गुणाची मुलगी, वडिलांच्या व्यायामाला उभी राहते. डॉक्टर म्हणाले, कुणाकुणाला वेळ लागतो, धीर धरा.

धीर धरायला अण्णांना सवड नव्हती. उन्हाळ्यात रोहिणीचं लग्न ठरलं होतं. मुलगा तिनं स्वतः पसंत केलेला, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशिनवर होता. अण्णांनी आधी बरेच दिवस तोंड उघडलं नव्हतं. मग कुणाला न सांगता एक दिवस चिंचोळीला गेले, काहीतरी निमित्त काढून कारखान्यात शिरले आणि पोराला काम करताना बघून आले. हे त्यांनी मला सांगितलं. "हात लई साफ हाय पोराचा. मशिनीला इजा न करता काम करतोय. अशा मानसाकडं पोरगी द्यायला काय हरकत न्हाय." मी विचारलं, हे रोहिणीला सांगितलंत का. म्हणाले, "तिला काय सांगायचं? बगू म्हनलं." आपल्याकडच्या बापांचं हे असंच. 'बगू' म्हणजे हो, हे लेकीनं आपलं आपण ओळखायचं.

लग्नाला थोडे दिवस राहिले तेव्हा अण्णा पुन्हा आले. "सिस्टरबाई, लग्नापतुर थांबंल का ह्ये? मला पाटावर बसायचं हाय."

मी म्हटलं, "तीनच्या जागी चार वेळा करा. आणि त्या दिवशी आतून डायपर घाला, वरून पितांबर नेसा. कुणाला कळतंय?"

"दुसऱ्याला न्हाय कळलं तरी मला कळंल की." ते हातातली टोपी फिरवायला लागले. "कन्यादानाला हातावर पान्याची धार धरत्यात बाई. हिकडं नळ सोडला की माजं सुटतंय. देवाबामनाम्होरं वल्या अंगानं बसू आन पोरगी देऊ? तिच्या संसाराला लागंल ते."

"अण्णा, तान्हं पोर मांडीवर ओलं करतं तेव्हा देव विटाळतो का?"

"मी तान्हा हाय व्हय?"

त्यांना लोकांची लाज होतीच, पण त्याहून मोठी भीती होती की आपल्या ओलेपणाचा डाग लेकीच्या आयुष्याला लागेल. मी परोपरीनं समजावलं, डॉक्टरांकडूनही सांगून बघितलं. अण्णा मान हलवत ऐकून घेत होते, आणि मान हलवणं म्हणजे काय ते मला एव्हाना कळायला हवं होतं.

लग्नाला मी गेले होते. कार्यालयाच्या दारात अण्णा फेटा बांधून उभे, येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होते. गुडघ्यानं दगा दिला, खाली बसवत नाही, असं सगळ्यांना सांगत होते. पाटावर त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय बसली. कन्यादान जोडीनं करतात, त्यामुळे अण्णा नाहीत म्हटल्यावर त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींनाही बसता आलं नाही. पोटची एकच मुलगी, आणि ती दुसऱ्यांच्या ओंजळीतून दिली जात असताना वहिनी मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. धार सुरू झाली तशी रोहिणीनं मान वळवून दाराकडे बघितलं. अण्णा तिथे नव्हते. गळण्याचं त्यांनी लेकीला कळूच दिलं नव्हतं, त्यामुळे ते कुठे गेले असतील ते त्या मांडवात दोघींनाच ठाऊक होतं, वहिनींना आणि मला.

लग्नानंतर पहिल्या तपासणीला अण्णांबरोबर वहिनी आल्या. पहिल्यांदाच आल्या होत्या. मी अण्णांचं वजन बघत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सिस्टर, रोहिणी हुती तवर कुटनं कुटनं आवळं आनायची. आता बाजारात मिळंनात. बाटलीतला रस चालंल का? आन सोडा साधाच द्यायचा का लिंबू घालून?"

मी म्हटलं, "कसला सोडा?"

"आवळा-सोडा की. तुमीच सांगितल्याला, जेवनाच्या आदी."

हातातला वजनाचा कागद मी टेबलावर ठेवला. क्षणभर काही कळेना, आणि कळलं तेव्हा मला आधी हसूच फुटलं. माझं बघून वहिनीही हसायला लागल्या, कारण काय ते कळायच्या आधीच. मी अण्णांना हाताची मूठ करून दाखवली. आवळा, म्हणजे अशी आवळा. सोडा, म्हणजे अशी सोडा. अहो, ती जागा आवळायची होती. अण्णा हसले नाहीत. माझ्या मुठीकडे बघत राहिले.

थंडीभर, आणि पुढे लग्नापर्यंत, ती पोर पहाटे उठून आवळे किसायची, रस काढायची आणि नाक्यावरच्या दुकानातून आणलेल्या सोड्यात घालून बापापुढे धरायची. दिवसातून तीनदा, आणि मी वाढवायला सांगितल्यावर चारदा. डॉक्टर म्हणाले, आंबट आणि फसफसणारं काही मूत्राशयाला सोसत नाही, घाई वाढवतं. म्हणजे जो पेला लेक मायेनं देत होती त्यानंच बापाला जास्त छळलं, आणि ज्या स्नायूला तालीम हवी होती त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"दिवसभर गॅरेजात वरडत असतोय," अण्णा शेवटी म्हणाले. "नट आवळ, ढिला सोड. आन ह्यो शब्द मला कळू नये?"

"मी आधी सगळं सांगितलं होतं हो अण्णा, जागेसकट."

"तुमी जागेचं नाव घेतलं आन माजे कान मिटले. मागनं आवळा-सोडा तेवढं ऐकू आलं. म्हनलं, बरं झालं, सोपं हाय."

वहिनींचं हसू तोवर गेलं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि विचारलं, "म्हंजी लग्नाआदी कळलं असतं तर ह्ये पाटावर बसलं असतं?"

खरं सांगायचं तर तेवढ्या दिवसांत थांबलंच असतं असं कुणी छातीठोक म्हणू शकत नाही. मी तसं सांगितलंही. पण बसले असते, असंच आम्हा तिघांना वाटलं, आणि मला अजून वाटतं. त्या दिवसापासून वॉर्डात ते पालुपद मी बंद केलं. प्रत्येक पेशंटकडून, पंख्यावरची नजर खाली आणायला लावून, काय करायचं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायला लागले. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय.

अण्णांनी मग व्यायाम असा केला की तालमीतल्या पैलवानानं करावा. पावसाळ्यात डायपर सुटला, मग पॅडही सुटलं. खंडेनवमीला त्यांचा फोन आला. गॅरेजमधल्या पान्या-हातोड्यांची पूजा पाटावर बसून केली, सगळी होईपर्यंत हललो नाही, म्हणाले. हळदकुंकवाचं पाणी शिंपडलं तरी कोरडा होतो. मला आनंद झाला, तसा तो त्यांच्याही आवाजात होता, पण थोडा वेळच. "पान्यांची पूजा केली बगा बसून," ते म्हणाले. "आन पोरीच्या टायमाला उभा ऱ्हायलो." पुन्हा तपासणीला या, एवढंच म्हटलं. त्याच फोनवर त्यांनी मला गळ घातली की हे रोहिणीला कळू द्यायचं नाही. वहिनींना तर शपथच घातली होती. तिनं इतक्या मायेनं केलं, आणि त्यानंच बिघडलं हे कळलं तर ती आयुष्यभर स्वतःला खाईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी निवृत्त झाल्यावर गेल्या हिवाळ्यात रोहिणी पत्ता शोधत घरी आली. हातात मोरावळ्याची बरणी. "तुमच्या आवळ्यानं बाबा बरे झाले, म्हणून तुमच्यासाठी केला," म्हणाली. मी बरणी घेतली, चहा टाकला. सासर चांगलं होतं, नवरा चांगला होता. बोलता बोलता ती म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? बाबांच्या गुडघ्याचं खरं होतं का?"

मी म्हटलं, "त्यांनी सांगितलं ना तुला."

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी पाया पडायला गेले तर गॅरेजमध्ये उकिडवे बसून ट्रॅक्टर खोलत होते." तिनं चहाचा कप खाली ठेवला. "त्यांना हे लग्न मान्य नव्हतं. तोंडानं बोलले नाहीत, पण हातानं दिली नाही. म्हणून मी माहेरी फार जात नाही. गेले तरी वस्तीला राहत नाही. ह्यांना उगाच कमीपणा कशाला?"

नर्सची नोकरी आयुष्यभर केली त्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा जाच झाला. पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं बाहेर काढायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं. बाप बसला नाही तो तुझ्यावरच्या मायेनंच, एवढं म्हटलं तरी पुढे का आणि कसं हे आलंच, आणि त्या का-च्या तळाशी तिनंच किसलेले आवळे होते. मी इतकंच म्हटलं की तुझ्या बाबांनी तुझ्या नवऱ्याचं माझ्यापाशी कौतुक केलं होतं. ती हसली, विश्वास न ठेवता हसतात तशी. जाताना म्हणाली, "त्यांनाही दरवर्षी पाठवते बरणी. खातात का हो?"

"खातात," मी म्हणाले. "न चुकता."

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी अण्णांना फोन केला. त्यांची परवानगी नसती तर एक अक्षरही लिहिलं नसतं. रोहिणी काय म्हणाली तेही सगळं सांगितलं, मनात काही ठेवलं नाही. पलीकडे कुणीतरी इंजिन तपासत होतं, त्याचा आवाज येत राहिला. अण्णांनी ओरडून ते बंद करायला लावलं.

"म्हंजी तिला वाटतंय मी हातानं दिली न्हाय?"

"हो अण्णा."

"मला बोलता येत न्हाय हो तिच्याम्होरं. दोनदा तिच्या घरापतुर गेलो आन च्या पिऊन माघारी आलो." मग म्हणाले, "लिवा तुमी. नाव बदला. गाव बदला. धंदा बदला वाटलं तर."

"बदलते. आणि आवळा-सोड्याच्या जागी दुसरं काहीतरी घालते, म्हणजे कुणाला पत्ता लागणार नाही."

"ते नगं," अण्णा म्हणाले. "ते हाय तसंच ऱ्हाऊ द्या. रोहिणी वाचती असले अंक. तिला वळकू आलं पायजे."